देहूरोड ते बालगंधर्व

आजचा एपिसोड आपल्या देहूरोडकरांच्या रविवारच्या पुणेवारीवर. लोकल पकडायची, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी करत शिवाजीनगरला उतरायचं आणि चालत जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर गाठायचं.

नाटकाचं तिकीट काढून आपण थेट आत शिरतो. पण जरा थांबा. या वास्तूची कोनशिला १९६२ साली बसवली ती खुद्द बालगंधर्वांनी. म्हणजे नारायणराव राजहंस. स्त्री-भूमिका अशा करायचे, की घरोघरच्या बायका त्यांच्या साडीची, अंबाड्याची नक्कल करायच्या! उतारवय मात्र हलाखीत आणि आजारपणात गेलं. रंगमंदिर उघडलं २६ जून १९६८ला, त्यांच्या ८०व्या जयंतीला. आणि ते गेले १५ जुलै १९६७ला. वर्षभरसुद्धा नाही हो! मला याची फार चुटपुट लागते.

आत गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. माणूस एकच, पण डोळ्यांना पटत नाही. आवारातल्या कलादालनातही डोकवा.

हे सगळं पाडून नवं संकुल उभारायचा विषय महापालिकेत अधूनमधून निघतो, कलाकार विरोध करतात. सोयी वाढायला हव्यात, मान्य. पण ती कोनशिला आणि ती चित्रं कुठे ठेवणार, हे आधी सांगा की!

पोटपूजेला डेक्कनचं गुडलक, १९३५पासूनचं. बन-मस्का आणि चहा. फक्त रात्रीचा प्रयोग असेल तर ते आधीच उरका, नंतर परतीची लोकल चुकेल.