एका सिमचा अद्वैतवाद

औंढा नागनाथाच्या देवळाशी जोडलेली एक कथा आमच्या हिंगोली जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते. गुरूच्या शोधात नामदेव औंढ्याला आले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडले होते. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिकडे वळवले, तिकडे पिंड दिसली. आज त्याच औंढ्याच्या बाजारात मोबाइलवाले हीच कथा दुसऱ्या देवाच्या नावाने सांगतात. रेंज नाही अशी जागा दाखवा, म्हणतात. नामदेवांना ती दाखवता आली नव्हती. आम्हाला येते.

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. तो असा. खेड्यात आता लँडलाइन नको, केबल नको, डिशची छत्री नको. एका बऱ्या कंपनीचे सिम घ्यावे, रोजच्या डेटाचा रिचार्ज मारावा. फोन त्यातच, टीव्ही त्यातच, इंटरनेट त्यातच. हा सल्ला दुकानदार देतो, पुण्यात नोकरीला असलेला पोरगा देतो आणि हल्ली पारावरची मंडळीही देतात. तिन्ही गोष्टी तत्त्वतः एकच, भेद हा भास, असे मानणाऱ्या या मताला मी एका सिमचा अद्वैतवाद म्हणतो.

या मताच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली परभणीतून वेगळी झाली, तेव्हा मुंबईला फोन लावायचा म्हणजे एसटीडी बूथवर जायचे आणि रात्री दर उतरेपर्यंत बाकड्यावर बसून राहायचे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि डेटा इतका स्वस्त झाला की सालगड्याच्या खिशातही व्हिडिओ आला. सरकारी आकडेही याच बाजूचे आहेत. देशातल्या सुमारे ६ लाख ४४ हजार गावांपैकी जवळपास ९७ टक्के गावांत मोबाइलची सेवा पोचल्याचे २०२४ मध्ये सांगण्यात आले. २०२५ च्या राष्ट्रीय पाहणीत ८५.५ टक्के कुटुंबांकडे निदान एक स्मार्टफोन आढळला. मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण ‘गाव’ या शब्दात आहे. सेवा पोचली म्हणून मोजले जाते ते गाव. माणूस मात्र गावठाणात मोजका वेळ असतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातले सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात होते. हे लोक दिवसभर शिवारात, शेतातल्या आखाड्यावर, हळदीच्या रानात असतात. औंढा, सेनगाव आणि कळमनुरी या तालुक्यांत टेकड्या आणि ओढे इतके आहेत की एका वळणावर फोन खणखणतो आणि पुढच्या वळणावर मुका होतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाइल ॲपवरून ई-पीक पाहणी सुरू झाली. तीत शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. माहिती फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर पुढे पाठवण्याची सोय त्या ॲपमध्ये ठेवावी लागली. शिवारात रेंज असतेच असे नाही, याची सरकारनेच दिलेली ही कबुली आहे. पण ९७ टक्क्यांच्या आकड्यात ती कुठे दिसत नाही.

गावठाणातले तरी काय? माझ्या मावशीचे घर पत्र्याचे आहे. आतल्या खोलीत रेंजची एक काडी, उंबऱ्यात दोन, गोठ्यापाशी तीन. म्हणून तिचा फोन दिवसभर गोठ्याच्या कोनाड्यात असतो, धूळ बसू नये म्हणून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. लाडकी बहीण योजनेच्या केवायसीसाठी ओटीपी आला तेव्हा ती चुलीपाशी होती. हात पुसून गोठ्यापर्यंत जाईस्तोवर त्याची मुदत संपली होती. तिसऱ्या खेपेला तिने पाटच टाकला गोठ्यात. तिचे गाव त्या ९७ टक्क्यांत आहे आणि तिचा फोन त्या ८५.५ टक्क्यांत आहे.

यात नशिबाचा काही भाग नाही, पदार्थविज्ञानाचा आहे. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही थोड्याफार आत शिरतात. ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी डेटा भरपूर वाहतात, पण लवकर दमतात. पत्रा दोघींनाही परतवतो. त्यामुळे ‘आमच्याकडे ५जी आहे’ हे वाक्य गावाच्या चौकाबद्दल खरे आणि चुलीबद्दल खोटे असू शकते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर दाखवायचे आहेत. ते जरूर पाहावेत. पण नकाशात रस्ता दिसतो, पत्रा दिसत नाही.

दुसरी अडचण टीव्हीची. अद्वैतवादी म्हणतात, टीव्ही म्हणजे मोठ्या पडद्यावरचे इंटरनेट. इथे मूळ तत्त्वच चुकते. उपग्रहावरून येणारे चित्र पावसासारखे असते. एकाने छत्री लावली काय आणि लाखाने लावली काय, कुणाच्या वाट्याचे कमी होत नाही. टॉवरचा डेटा विहिरीसारखा असतो. जितक्या मोटारी बसतील तितकी पाण्याची धार बारीक होते. रात्री आठनंतर, त्यात क्रिकेटचा सामना असला तर, गावात सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि पडद्यावर चकरी फिरत राहते. साध्या दर्जाचे चित्रही तासाला पाऊण जीबीच्या आसपास खाते. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन दोन तासांच्या सिनेमात संपतो आणि नव्या दिवसाचा डेटा सुरू होईपर्यंत हळदीचा भावसुद्धा धड उघडत नाही.

उलट दूरदर्शनची फ्री डिश डिसेंबर २००४ पासून चालू आहे. छत्री आणि पेटी एकदा विकत घेतली की महिन्याचे भाडे नाही. आपल्या भागात छत्रीचे तोंड आग्नेयेकडे असते. त्या बाजूला लिंबाची फांदी वाढली की चित्र फुटते आणि फांदी तोडली की परत येते. दुरुस्तीला कोयता पुरतो. मुसळधार पावसात चित्र जाते आणि पैशाच्या वाहिन्या तिच्यावर मिळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण २० जुलै २०२० रोजी, शाळा बंद असताना, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली, ती का? ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाच्या खिशात, त्या घरातल्या लेकरांपर्यंत पोचायचा रस्ता टीव्हीच होता म्हणून. ज्याला आज जुने म्हणून माळ्यावर टाका म्हणतात, त्यानेच त्या वर्षी वर्ग भरवला.

तिसरा दावा स्वस्ताईचा. एकाच रिचार्जमध्ये सगळे, म्हणजे बचत! पण बहुतेक रिचार्जांचा महिना २८ दिवसांचा असतो, आणि अशा महिन्यांचे वर्ष तेरा रिचार्जांचे होते. आईचा, बापाचा, आजीचा, पोराचा असे चार फोन धरले तर बावन्न. त्यातली आजी बटणाचा फोन वापरते. तिला लेकीचा आवाज ऐकायचा आहे, डेटा कशाला असतो हे तिने कधी विचारलेले नाही. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि आजीच्या माथी न वापरलेल्या डेटाचे ओझे आणखी वाढले. याच्या तक्रारी झाल्या. नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून केवळ बोलणे आणि एसएमएस यांचा वेगळा रिचार्ज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. दुकानात हा प्लॅन कुणी आपणहून दाखवत नाही, मागावा लागतो. फोन आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे द्वैत आता कायद्यालाही मान्य आहे.

चौथा मुद्दा सगळ्यात जड आहे, आणि तो बिघाडाचा आहे. तांब्याच्या तारेच्या जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून, तिथल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवरून, त्याच तारेने मिळायची. गावाची डीपी जळून आठ दिवस अंधार असला तरी फोन चालायचा. तो गुण आज कशातच उरलेला नाही. टॉवरची बॅटरी काही तास तग धरते. घरातला राउटर लाइट गेली त्या क्षणी विझतो. यावर लोक उपाय सांगतात की दोन कंपन्यांची दोन सिमे ठेवा. मीही ठेवली होती. एका पावसाळ्यात ती दोन्ही एकाच मिनिटाला मेली, तेव्हा कळले की दोघांच्या अँटेना एकाच टॉवरवर आहेत, वीज एक, खालची फायबर एक. एका टॉवरवर दोन-तीन कंपन्या भाड्याने बसतात आणि टॉवरची मालकी बहुधा आणखी वेगळ्याच कंपनीकडे असते. दोन सिमे घेतली म्हणून वाटा दोन होत नाहीत.

‘एअर फायबर’ या नावानेही अशीच फसगत होते. २०२३ पासून मिळणाऱ्या या सेवेत घरापर्यंत कसलीही तार येत नाही. गच्चीवर अँटेना बसते आणि ती टॉवरकडूनच घेते. जिथे ५जी दमदार आहे आणि तार टाकणे अवघड आहे तिथे ती उत्तम. पण मोबाइलला पर्याय म्हणून घेतली, तर टॉवर गेला की दोन्ही जाणार.

मग कुणी म्हणेल, थोडा दम धरा, ग्रामपंचायतीची फायबर येते आहे, उपग्रहाचे इंटरनेट येते आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याचा निर्णय केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये घेतला. पुढे त्याचे नाव भारतनेट झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी मिळाली. पण पंचायतीच्या कपाटातली फायबर आणि माझ्या ओसरीतली फायबर यांच्यामध्ये नळयोजनेचे खोदकाम, रस्त्याचे रुंदीकरण आणि जेसीबीचा दात असतो. स्टारलिंकबरोबर राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये इरादापत्र केले, आणि सुरुवातीच्या जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव यांच्या जोडीला आपल्या शेजारचे वाशीम आहे. आनंद आहे. पण येणाऱ्या गोष्टीच्या भरवशावर आजची छत्री काढून टाकणे म्हणजे ढग पाहून विहिरीवरची मोटार विकणे.

आता मंडन. माझा सिद्धान्त सोपा आहे. खेड्यात निवड आधी जागेची करावी, मग दुरुस्तीची, आणि प्लॅनची सगळ्यात शेवटी. आमच्या जिल्ह्यानेच याचा धडा दिला आहे. औंढ्याजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी मिळाली. शास्त्रज्ञांनी आधी देशातल्या अनेक जागा तपासल्या, जमिनीची थरथर मोजली आणि मग ही जागा ठरवली. २६०० कोटी खर्चणारे आधी जागा मोजतात, तर तीनशे रुपये खर्चणाऱ्याने का मोजू नये?

मोजणी अशी करावी. पाव्हण्यांकडची, शेजाऱ्यांकडची वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे आपल्या घरी चालवून बघावीत. दुपारी चौकात बघून काही कळत नाही. रात्री आठ-नऊला खाटेवर, सकाळी आखाड्यावर आणि लाइट गेल्यावर दोन तासांनी, अशा तीन वेळा बघावे. जे सिम तिन्ही ठिकाणी टिकेल, त्यावर आधार, बँक आणि पीएम-किसानचा नंबर ठेवावा. हातातला नंबर चालत नसेल तर तो न बदलता कंपनी बदलावी. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, १९०० वर संदेश पाठवला की काम सुरू होते. मात्र एकदा बदलल्यावर नव्वद दिवस थांबावे लागते, म्हणून मोजणी आधी.

घरात शिकणारे लेकरू असेल, किंवा कुणी घरून काम करत असेल, तर खांबावरून येणारी खरीखुरी फायबर घ्यावी, मग ती सरकारी असो की तालुक्यातल्या केबलवाल्याची. घेताना वेग किती ते नंतर विचारावे. तार तुटल्यावर जोडायला येणारा माणूस कुठे राहतो, ते आधी विचारावे. वसमतला किंवा हिंगोलीला राहत असेल तर ठीक, संभाजीनगरहून येणार असेल तर नको. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. फायबर असली की वायफाय कॉलिंग चालू करता येते आणि पत्र्याखालीही फोन लागतो. मावशीच्या गोठ्याचा प्रश्न असा सुटतो, नव्या सिमने सुटत नाही. टीव्हीची छत्री राहू द्यावी. आजीला बोलण्यापुरता वर्षाचा रिचार्ज मारून द्यावा.

यात एकच कंपनी नाही, एकच बिल नाही, म्हणून हे गबाळे वाटेल. पण आमचा शेतकरी सोयाबीनमध्ये तुरीचे तास टाकतो, ते काही गबाळेपणाने नाही. एक पीक गेले तर दुसरे हाती राहावे म्हणून टाकतो. पिकाबाबत इतके कळणाऱ्याने फोनबाबत सगळे रान एकाच पिकाखाली घालू नये.

दुकानदार फोन पुढे करून पाच काड्या दाखवील, तेव्हा बघा आणि पैसे खिशातच ठेवा. त्या काड्या त्याच्या दुकानातल्या आहेत. आपल्या खाटेवर, लाइट गेलेली असताना, पहिल्या खेपेला फोन लागला तर दुसऱ्या दिवशी पैसे द्या.