उभ्या गाडीची बॅटरी उतरणे

किल्ली काढून, दारे लावून ठेवलेल्या गाडीतही थोडी वीज खर्च होत असते. घड्याळ, रिमोटने उघडणारी कुलपे, चोरघंटा आणि इंजिनाच्या नियंत्रकाची स्मृती यांना ती लागतेच. आजच्या मोटारींत हा प्रवाह साधारणतः २० ते ५० मिलिअँपिअर असतो आणि तो दोष मानला जात नाही. त्याहून बराच जास्त प्रवाह जात राहिला, तर बॅटरी एका रात्रीत किंवा दोन-चार दिवसांत उतरते. सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते. गॅरेजच्या भाषेत, गाडी करंट खाते.

हिशेब सोपा आहे. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे छोट्या मोटारीची ३५ अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी निम्मी व्हायलाही दोन आठवडे लागतात. डिकीतला ५ वॉटचा दिवा जळत राहिला, तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडी अडते. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अनेक निर्दोष गाड्या सुरू झाल्या नाहीत, त्यामागे पहिला हिशेब होता. दोष होता तो फक्त उभे राहण्याचा.

गळती शोधण्याआधी बॅटरी तपासावी लागते. नेमकी हीच पायरी गाळून नवी बॅटरी बसवली जाते आणि महिन्याभरात तीही उतरते. काही तास स्वस्थ राहिलेल्या, पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. १२.२ म्हणजे जवळपास निम्मा भार, तर १२ च्या खाली ती उतरलीच म्हणायची. पूर्ण चार्ज करून, तारा सोडवून रात्रभर बाजूला ठेवली तरी दाब १२.६ च्या बराच खाली घसरला, तर दोष बॅटरीतच असतो. जुन्या किंवा वारंवार पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात व तिची साठवणक्षमता घटते. उन्हाळ्यात बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो. बॅटरीच्या माथ्यावरचा आम्लाने ओलसर झालेला मळदेखील दोन टर्मिनलांमध्ये वीज वाहू देतो. तो पुसायला खर्च नाही. इंजिन चालू असताना टर्मिनलांवर सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील, तर चार्जिंग अपुरे आहे आणि उभ्या गाडीवर घेतलेला संशय चुकीचा ठरतो.

बॅटरी आणि चार्जिंग ठीक असेल, तर गळती मोजायची. ऋण टर्मिनलची तार सोडवून, ती तार आणि टर्मिनल यांच्या मध्ये १० अँपिअरच्या मापावर लावलेला मल्टिमीटर जोडतात. तार टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी रीत नव्या गाड्यांत फसवी आहे, कारण नियंत्रकांमधील धारित्रे भरताना निरोगी गाडीतही ठिणगी उडते. तार जोडताच सगळे नियंत्रक जागे होतात आणि मीटर काही अँपिअरही दाखवू शकतो. दारे बंद, किल्ली लांब ठेवून वाट पाहावी. नियंत्रक झोपी जायला काही मिनिटांपासून अर्धा तास, क्वचित त्याहून जास्त वेळ लागतो. त्यानंतर स्थिरावलेला आकडाच खरा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारला, तर मीटरचा फ्यूज उडतो.

आकडा मोठा निघाला, तर एकेक फ्यूज काढून तो कधी उतरतो ते पाहतात. फ्यूज परत बसवताना झोपलेले नियंत्रक पुन्हा जागे होऊ शकतात, म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजणे अधिक बरे. जिथे शून्याऐवजी आकडा दिसतो, त्या शाखेतून वीज जात असते. मग त्या शाखेवरची उपकरणे एकेक करून सोडवायची. पहिला संशय नेहमी बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर घ्यावा: म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस, चोरघंटा. किल्लीबरोबर बंद होणाऱ्या तारेऐवजी त्या सरळ बॅटरीवरच्या तारेला जोडलेल्या सापडतात. चिकटलेला रिले हाताला कोमट लागतो. डिकीचा दिवा झाकण लावल्यावर विझतो की नाही, हे बाहेरून कळत नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवावा आणि झाकण लावावे.

सगळे फ्यूज तपासूनही गळती सापडली नाही, तर अल्टरनेटरकडे वळतात. कित्येक मेकॅनिक त्याला अजूनही डायनॅमो म्हणतात. त्याची जाड तार बहुतेक गाड्यांत आतल्या फ्यूजबॉक्समधून जातच नाही. त्यातला डायोड निकामी झाला, तर वीज उलटी शिरते. बॅटरी सोडवून ती तार काढावी, तिचे टोक नीट गुंडाळून ठेवावे आणि पुन्हा मोजावे. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत आला, तर दुरुस्ती अल्टरनेटरची करायची, बॅटरी बदलायची नाही.