दोन ओळींचा दरोडा

लिनक्स कर्नलचा मूळ कोड २००३ साली बिटकीपर नावाच्या प्रणालीत ठेवलेला असे. बिटकीपर एका खाजगी कंपनीचं, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कट्टर पुरस्कर्त्यांना ते खुपत होतं. त्यांच्या सोयीसाठी त्याच कोडची एक नक्कल जुन्या सीव्हीएस प्रणालीत ठेवली होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घुसखोर शिरला तो या नकलेत.

त्यानं घातल्या फक्त दोन ओळी. वरवर पाहता त्या एका फंक्शनला चुकीचे पर्याय दिले गेले तर त्रुटी कळवणाऱ्या. पण अटीत जिथे वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, असं विचारायला हवं होतं, तिथे दोनऐवजी एकच बरोबरचिन्ह होतं. सी भाषेत दोन चिन्हं तुलना करतात, एक चिन्ह किंमत बदलून टाकतं. शून्य क्रमांक रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा. म्हणजे ठराविक पर्याय देऊन ते फंक्शन बोलावणारा कुणीही तत्क्षणी यंत्राचा मालक! अशी अट लिहिली की कंपायलर एरवी इशारा देतो. इथे मात्र तो भाग कंसात असल्यामुळे तोही गप्प बसला असता.

चोरी पकडली ती कुणा तज्ज्ञाच्या नजरेनं नव्हे. बिटकीपरमधून सीव्हीएसमध्ये फायली पाठवल्यावर त्या जशाच्या तशा आहेत ना, हे एक स्क्रिप्ट तपासत असे. तिनं एका फाइलवर बोट ठेवलं आणि बिटकीपरचे लॅरी मॅक्‌व्हॉय यांनी ते सर्वांना कळवलं. मूळ कोडला धक्काही लागला नव्हता.

तोवर कोड तपासणारी साधनं होती ती बहुतेक माणसाच्या वेंधळेपणावर नजर ठेवणारी. बेल लॅब्समध्ये १९७८ साली स्टीफन जॉन्सन यांनी लिहिलेलं ‘लिंट’ हे कंपाइल होणारा, तरीही संशयास्पद सी कोड दाखवून देई. पुढे १९८८ मध्ये वादळी पावसात फोनलाइनवरून काम करताना बार्टन मिलर यांना दिसलं, की लाइनच्या खरखरीतून आलेल्या भलत्यासलत्या अक्षरांनी युनिक्सचे प्रोग्रॅम कोलमडतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी हेच मुद्दाम करायला लावलं, आणि तपासलेल्यांपैकी पाव ते एक तृतीयांश साधनं आडवी झाली. तीच ‘फझिंग’ची सुरुवात. या सगळ्यात चोर कुठेच गृहीत धरलेला नव्हता, आणि चोरांनी नेमकं तेच हेरलं: दरोडा चूकभुलीसारखा दिसला पाहिजे.

मार्च २०२१ मध्ये पीएचपीच्या गिट सर्व्हरवर भाषेचे जनक रासमुस लेर्डॉर्फ यांच्या नावानं एक बदल जमा झाला. टिपण काय, तर टंकदोष दुरुस्ती. टिपणाच्या सुरुवातीलाच स्वयंचलित चाचण्या वगळण्याची सूचना होती. पहारेकऱ्याला रजा देऊन आत शिरण्याचा हा उद्धटपणा काही तासांतच उघडा पडला, कारण जमा झालेले बदल नंतर माणसंही वाचत होती.

‘जिया टॅन’ या नावामागचा इसम मात्र चिकाटीचा. एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या प्रकल्पात त्यानं दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला. जुलै २०२३ मध्ये त्यानं गूगलच्या ओएसएस-फझ या फझिंग सेवेतली एक गोष्ट एक्सझेडपुरती बंद करवून घेतली, जी पुढे त्याच्याच चोरवाटेला लागणार होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यानं बिल्डच्या फाइलीत एका ओळीवर नुसता एक ठिपका टाकला. लँडलॉक हे सुरक्षाकुंपण यंत्रावर आहे का, हे पाहणारा चाचणीचा कोड त्या ठिपक्यामुळे कधीच कंपाइल होईना. मग कुंपण आपोआप बंद. खरी चोरवाट त्यानं चाचणीच्या फायलींत लपवली होती. ती जागी करणारी स्क्रिप्ट तर रिपॉझिटरीत नव्हतीच, फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात होती. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड खोदत बसले नसते, तर ती जगभर पसरली असती.

मग तपासणीचं यंत्रच निशाण्यावर आलं. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’चं एक साधन फोडलं गेलं. ते २३,००० हून अधिक रिपॉझिटरी वापरत होत्या. घुसखोरानं त्याच्या जुन्या आवृत्त्यांची लेबलं उचलून आपल्या कोडवर चिकटवली आणि तपासणी चालू असतानाच गुप्त किल्ल्या लॉगमध्ये छापायला सुरुवात केली. ज्यांनी लेबलाऐवजी आधीच्या बदलाचा पूर्ण हॅश लिहून ठेवला होता, त्यांच्याकडे जुनाच कोड चालत राहिला.