बाबामहाराजांचे मृत्युपत्र

ताईमहाराज प्रकरण म्हटले की मराठी वाचकाला टिळक आठवतात. खटला, शिक्षा, सुटका आणि शेवटी विलायतेतला विजय, असा तो टिळकचरित्रातला एक अध्याय होऊन बसला आहे. ह्या सगळ्याच्या मुळाशी एका मरणासन्न माणसाने केलेला एक कागद होता, हे मात्र आपण वाचतो आणि विसरतो. त्या कागदाकडे केवळ मृत्युपत्र म्हणून पाहिले, तर प्रकरणाचे चित्र थोडे वेगळे दिसते.

1897 चा ऑगस्ट. पुण्यात प्लेगची दहशत, रँडचा खून नुकताच झालेला. 27 जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि 4 ऑगस्टला न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामिनावर सोडले. त्यांचे स्नेही, सरदार घराण्यातले वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज, यांना त्याच सुमारास कॉलरा झाला. 7 ऑगस्टला ते वारले. अखेरच्या घटकेस त्यांनी मृत्युपत्र केले आणि टिळक, दादासाहेब खापर्डे व आणखी काही विश्वासू मंडळींवर इस्टेटीचा भार टाकला. डोक्यावर खटला असताना टिळकांनी तो पत्करला. पुढच्याच महिन्यात ते तुरुंगात गेले.

ह्या कागदाविषयी एक गोष्ट आज कोणालाही चमत्कारिक वाटेल. पुण्यात त्या काळी हिंदूच्या मृत्युपत्राला सहीची किंवा साक्षीदारांची कायद्याने गरजच नव्हती. 1870 च्या 'हिंदू विल्स ॲक्ट'ने लेखी कागद, सही आणि दोन साक्षीदार ही बंधने घातली खरी, पण ती बंगालच्या खालच्या प्रांतांपुरती आणि मद्रास व मुंबई ह्या शहरांपुरती, किंवा तेथील स्थावर मिळकतीपुरती. म्हणजे गिरगावातल्या भिक्षुकाने दोन साक्षीदार जमवायचे आणि शनिवार पेठेतल्या सरदाराने नुसते तोंडाने सांगितले तरी चालायचे! उरलेल्या मुलखातील हिंदूंना हे नियम लागू झाले ते 1 जानेवारी 1927 पासून केलेल्या मृत्युपत्रांना. आपल्या पणजोबांनी खाटेवरून घरच्यांना सांगितलेली वाटणी कायद्याच्या दृष्टीने पोकळ होती, असे म्हणण्यापूर्वी साल पाहावे.

असे का, ह्याचे उत्तर जुने आहे. धर्मशास्त्राला वारसा ठाऊक होता, दान ठाऊक होते, वाटणी ठाऊक होती; मरणानंतर अमलात येणारी इच्छा हे स्वतंत्र प्रकरण त्यात नाही. धर्मकार्यासाठी कबूल केलेले दान देण्याआधीच मनुष्य मेला तर ते मुलाकडून देववावे, असे कात्यायन सांगतो. आपल्या परंपरेत ह्या कल्पनेचे बीज फार तर तेवढेच. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणे मुलाचा वडिलार्जित मिळकतीवरील हक्क जन्मानेच निर्माण होतो. मग बापाने मरताना द्यायचे ते काय आणि कोणाचे? मृत्युपत्राचा प्रघात इंग्रजी न्यायालयांच्या सावलीत वाढला, आणि तो ह्या जन्मसिद्ध हक्काशी अडखळतच वाढला.

बाबामहाराजांचा कागद नेमका ह्याच ठिकाणी अडखळला. ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. कागदात ती तरतूद होती : मुलगा झाला नाही किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने पत्नीच्या मांडीवर दत्तक द्यावा आणि तो वयात येईपर्यंत विश्वस्तांनी वहिवाट पाहावी. 1898 च्या आरंभी मुलगा झाला आणि दोनेक महिन्यांत गेला. आता कायदा काय म्हणतो? गर्भातल्या मुलाचा हक्कही मिताक्षरेला मान्य आहे. तेव्हा तो जन्मताच वडिलार्जित मिळकत त्याची झाली, आणि तो गेल्यावर वारस म्हणून त्याच्या आईकडे आली. ही मांडणी स्वीकारली तर विश्वस्तांच्या हातात उरते काय?

ताईमहाराजांच्या बाजूने हाच मुद्दा उभा राहिला. 1901 च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथ ह्या मुलाचे दत्तविधान झाले, असे विश्वस्तांचे म्हणणे. ताईमहाराजांनी ते नाकारले आणि कोल्हापूरच्या दरबाराच्या पाठिंब्याने दुसरा मुलगा दत्तक घेतला. त्यांनी प्रोबेट रद्द व्हावे म्हणून अर्ज केला, आणि एप्रिल 1902 मध्ये जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी तो मान्य करून टिळकांवर फौजदारी खटल्याचा मार्ग मोकळा केला. 1903 मध्ये अठरा महिन्यांची सक्तमजुरी, अपिलात ती सहा महिन्यांवर, मार्च 1904 मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष सुटका. दिवाणी दावा त्याहून चिवट. 1906 साली पुण्यात टिळकांच्या बाजूने निकाल, 1910 साली, ते मंडालेस असताना, उच्च न्यायालयात तो उलटला, आणि 26 मार्च 1915 रोजी प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तविधान खरे ठरवले. टिळक-खापर्डे यांची साक्ष खोटी मानायची होती, तर उलटतपासणीत तसे त्यांना विचारून उत्तराची संधी द्यायला हवी होती, असा लॉर्ड शॉ यांच्या निकालाचा रोख होता. भारतीय न्यायालये साक्षीपुराव्याच्या प्रश्नात हा निकाल आजही आधाराला घेतात.

टिळकांची नीतिमत्ता ह्या निकालाने धुऊन निघाली, ह्याबद्दल वाद नाही. पण चरित्रकारांच्या आनंदात एक व्यक्ती हरवते. पतीच्या कागदात ताईमहाराज आहेत त्या मांडी म्हणून. तिच्यावर कोण बसेल ह्यात इतरांची संमती हवी आणि इस्टेट इतरांनी पाहायची. मुंबई इलाख्यात मयूखाच्या परंपरेप्रमाणे विधवेला दत्तक घेण्यास पतीची स्पष्ट आज्ञा लागत नसे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या कागदाने त्यांच्याकडून काय काढून घेतले ते कळते. त्यांचे सल्लागार स्वार्थी असतील, त्यांच्यामागे टिळकांवर टपलेले अधिकारी असतील. तरीही त्यांचा संताप केवळ पढवलेला होता असे मला वाटत नाही.

आज साधे मृत्युपत्र करायला फारसे काही लागत नाही. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या 63 व्या कलमाप्रमाणे करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, दोन साक्षीदारांपैकी प्रत्येकाने ती सही होताना पाहावी किंवा सही आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकावे, आणि मग त्याच्यासमक्ष आपली सही करावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, भाषा कोणतीही चालते. नवे मृत्युपत्र केले तर ते शेवटचे असल्याचे व आधीची रद्द केल्याचे त्यात लिहावे आणि तारीख विसरू नये. पुढे कागद न्यायालयात शाबीत करायचा तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला बोलवावे लागते, म्हणून ते आपल्याहून तरुण असावेत. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीला न घेणेच शहाणपणाचे. तसे केल्याने हिंदूचे मृत्युपत्र रद्द होत नाही, पण संशयाला जागा मिळते.

हा संशय किती दूर जातो हे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी 1958 मध्ये व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितले. मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच ते करवण्यात पुढाकार घेतला असेल आणि त्याला त्यातून मोठा लाभ होत असेल, तर न्यायालयाच्या मनातले सारे किंतू दूर करणे हे त्याचेच काम. नुसती सही शाबीत करून भागत नाही.

बाबामहाराजांनी तोच कागद आज केला असता तर? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 30 व्या कलमाने एकत्र कुटुंबातल्या आपल्या हिश्श्याचेही मृत्युपत्र करता येते. तेव्हा गर्भातल्या मुलाच्या जन्माने त्यांच्या हिश्श्याची व्यवस्था कोसळली नसती आणि विश्वस्तांची वहिवाट बहुधा टिकली असती. दत्तकाचे कलम मात्र टिकले नसते. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याप्रमाणे विधवा दत्तक घेते ती स्वतःच्या अधिकारात, स्वतःसाठी, आणि त्याला कोणा विश्वस्ताची संमती लागत नाही.