उभ्या चौकटीची कैफियत

चित्र उभे असावे की आडवे, हा वाद रिकामटेकड्यांचा वाटण्याचा संभव आहे. आम्हांलाही तो तसाच वाटत असे. परंतु त्याचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा चौकट बदलली की माणसेही आतबाहेर होतात, असे आढळून आले.

प्रथम चीनकडे वळू. फान क्वान या चित्रकाराने सन १००० च्या सुमारास रेशमावर शाईने एक डोंगर काढला. चित्राची उंची सुमारे २०६ सेंटिमीटर, रुंदी तिच्या निम्मी. बहुतेक जागा एका प्रचंड कड्याने व्यापलेली, आणि अगदी तळाशी खेचरे हाकणारी चिमुकली माणसे. कलापंडित कड्याविषयी पुष्कळ लिहितात. आमची नजर मात्र त्या ओझेवाल्यांवरून हलत नाही; जन्मभर हमालांत वावरल्याचा हा दोष म्हणा. आडव्या चित्रात ती माणसे नुसती रस्त्याने चालली असती. येथे ती केवढ्या कड्याखालून चालली आहेत, ते एका दृष्टिक्षेपात कळते. १९५८ साली तायवानमध्ये या चित्रावर चित्रकाराची सही सापडली, तीही त्या तांड्यामागच्या झाडीत!

सिनेमाची चौकट कोणा कलावंताने ठरविलेली नाही. एडिसनच्या कारखान्यातील डिक्सनने १८९० नंतरच्या काही वर्षांत ३५ मिलिमीटर फितीवर चारास तीन अशा प्रमाणाचे आडवे चित्र बसविले, आणि पुढची यंत्रे त्याच मापाने झाली. पडदा उंच करावा तर थिएटरातला सज्जा आड येई. मागच्या रांगांना वरचा भाग दिसत नसे.

या आडवेपणाविरुद्ध खरा दावा मांडला तो सर्गेई आयझेनस्टाइन या रशियन दिग्दर्शकाने. सप्टेंबर १९३० मध्ये, हॉलिवूडात पडदा आणखी रुंद करण्याची चर्चा चालू असताना, तेथील अकॅडमीपुढे त्याने भाषण केले. आडव्या चौकटीने रचनेच्या निम्म्या शक्यता तीस वर्षे बाहेर ठेवल्या, अशी त्याची तक्रार होती. जपानातील लांबोळ्या उभ्या चित्रांचा दाखला देऊन त्याने पडदा चौरस करण्यास सुचविले. त्यात हवे तेव्हा उभे, हवे तेव्हा आडवे चित्र मावेल. गंमत अशी की, फितीच्या कडेला ध्वनिपट्टी आल्याने चित्र आपोआपच जवळजवळ चौरस झाले होते. १९३२ साली अकॅडमीने ते वरून-खालून छाटून एकास १.३७ असे पुन्हा आडवे केले. १९५३ साली सिनेमास्कोप आला आणि वाद मिटल्यासारखा झाला. आपल्याकडे १९५९ चा 'कागज़ के फूल' त्याच रुंद पडद्याचा.

आयझेनस्टाइन हे का बोलला, हे त्याचा १९२५ चा 'संप' हा मूकपट पाहिल्यावर उमगते. त्यात कामगारांची वस्ती म्हणजे एकावर एक सज्जे असलेली इमारत. आपली चाळच म्हणा ना. घोडेस्वार शिपाई त्या सज्ज्यांवर घोडे घालतात आणि वरून एक मूल खाली टाकले जाते. त्या अत्याचाराचा सारा अर्थ त्या उंचीत आहे, आणि ती उंची त्याला आडव्या चौकटीत कोंबावी लागली.

परवा एका बंद गिरणीच्या फाटकाशी घरांच्या मागणीसाठी जुन्या कामगारांची सभा होती. एका पोराने मोबाइल उभा धरून फोटो घेतला. वर चिमणी, तळाला आमची माणसे, दोन्ही त्यात आली. "अरे, आडवा धर, गर्दी दिसू दे," असे त्याला ओरडून सांगणारे आम्हीच होतो.