खजिन्याच्या घरामागचा हात

चाकणच्या मोटार कारखान्यातल्या बॉडी शॉपमधला वेल्डिंग रोबो आणि घरगुती संगणकावरचा पहिला सचित्र खजिनाशोध ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत, हे मी ठामपणे मांडतो. दोघांना जोडतो तो सांध्यांचा हात.

केंटकीच्या मॅमथ गुहांत उतरणाऱ्या विल क्रॉदरनं 1970च्या दशकाच्या मध्यावर निव्वळ मजकुराचा खेळ रचला, 1977 मध्ये डॉन वुड्सनं तो वाढवला. त्या खेळानं झपाटलेल्या रोबर्टा विल्यम्सनं नवरा केनच्या साथीनं 1980 मध्ये ॲपल टू या घरगुती संगणकासाठी ‘मिस्ट्री हाउस’ केला, तोच हा सचित्र खजिनाशोध. घरात दडवलेली रत्नं शोधायची, आणि इकडे एकेक माणूस मारला जातोय. खेळात सत्तरच्या वर चित्रं होती.

ती मावली कशी? पडदाभर एक चित्र 8 केबीचं, म्हणजे सत्तरांना 560. फ्लॉपीची क्षमता दीडशेच्या आतली. म्हणून केननं चित्रांऐवजी ती काढण्याच्या सूचना साठवल्या: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढ. भोसरीत सीएनसी चालवणारा हे ऐकून लगेच म्हणेल, हा तर सरळ रेघेत हत्यार नेण्याचा आपला हुकूम, ‘जी झिरो वन’!

पण बिंदू आले कुठून? ‘व्हर्साराइटर’ नावाच्या फळ्यावरून. त्यावर दोन सांध्यांचा हात, सांध्यांत वळण मोजणारे पोटेन्शिओमीटर. कागदावरच्या रेघेवरून टोक फिरवलं की दोन कोन मिळतात. हाताच्या दोन्ही भागांची लांबी ठरलेली, तेव्हा त्रिकोणमितीनं एक्स आणि वाय निघतात. चाकणच्या रोबोचं गणितही हेच, फक्त सांधे जास्त. तो ते उलटंही सोडवतो: जागा आधी ठरते, कोन मागून.

काही जण अटारीच्या ‘ॲडव्हेंचर’ला सचित्र खजिनाशोधाचा मूळपुरुष मानतात. वॉरन रॉबिनेटच्या त्या खेळात जादूचा प्याला शोधायचा असतो, हे खरं. पण तिथली चित्रं ठोकळ्यांची, आणि शब्दांत हुकूम देण्याची सोयच नाही. एकेक माणूस मरतो म्हणून ‘मिस्ट्री हाउस’ला रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तीचा वारसा सांगणारेही आहेत. तो मला मान्य आहे, पण कथेपुरता. रेघेचा वारसा टूलरूमचा.

व्हर्साराइटरच्या हाताचा पूर्वज मी पँटोग्राफ मानतो, ख्रिस्तोफ शायनरनं 1603 मध्ये बनवलेला. त्याचं एक टोक मूळ रेघेवर फिरतं, दुसरं प्रत काढतं. डायवर अक्षरं कोरणारी यंत्रं याच वंशातली. व्हर्साराइटरनं धातूऐवजी आकडे कोरले, एवढाच फरक. मधले दुवे कोरीवकामाच्या कारखान्यांत असावेत, असा माझा अंदाज आहे.

1987 मध्ये ‘मिस्ट्री हाउस’ सर्वांसाठी खुला झाला. पिंपरी-चिंचवडच्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांनी त्यातलं एखादं चित्र उघडावं आणि बिंदूमागून बिंदू स्वतः वाचून पाहावा.