हँडल ते सेल्फ: जुना छोटा ट्रॅक्टर अडतो कुठे?

आजचा भाग असोद्याहून. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. त्यांचा जन्म इथलाच, १८८० चा. त्यांच्या काळी शेत बैलांच्या जोरावर चालायचं. त्या गेल्या १९५१ साली, आणि फरीदाबादेत आयशरचा देशी ट्रॅक्टर तयार झाला १९५९ मध्ये. आज कपाशीच्या दोन ओळींमधून छोटा ट्रॅक्टर कोळपणी करतो. पण नेमका वाफसा येतो त्या सकाळी तो चालूच होत नाही! मग कुणीतरी म्हणतंच, "बॅटरी गेली, भो." गेल्या साली आमच्या काकांनी तेच ऐकून नवी बॅटरी आणली. ट्रॅक्टर तसाच. दोष निघाला अर्थच्या वायरीत. बॅटरीचे पैसे गेले, वाफसाही गेला.

आता थोडं मागे जाऊ. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे हँडल मारून काम भागायचं. पण हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९११ मध्ये मोटारीसाठी विजेचा स्टार्टर बनवला, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. तोच 'सेल्फ' पुढे ट्रॅक्टरवर आला. मनगट वाचलं, पण सगळी भिस्त बॅटरी, सोलेनॉइड आणि दोन जाड वायरींवर आली. मागोमाग क्लचचे सेफ्टी स्विच आले, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. जितके सांधे वाढले, तितक्या अडण्याच्या जागा वाढल्या.

म्हणून तपासायचंही एकेक सांधा धरून. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हेडलाइट लावा, किल्ली फिरवा. दिवा मंदावला आणि टकटकटक झालं, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवा तेज आणि आवाजच नाही, तर फ्यूज, किल्लीचा स्विच, सेफ्टी स्विच बघा. एकच 'टक' झालं, तर सोलेनॉइड, सेल्फ किंवा अर्थ. मीटर असेल तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १४ च्या जवळपास हवेत, नाहीतर चार्जिंग होत नाहीये.

आणि काकांनी चुकवलेली तपासणी: मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, की अर्थ खराब. आधी मायनस सोडा, सांधा घासा, घट्ट आवळा. मगच बॅटरीच्या दुकानाकडे बघा.

भेटू पुढच्या भागात.